जनगणना 2027 : माणशी 80 रुपये खर्च; पैसा जातो कुठे, वाचतो कुठे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने 12 डिसेंबर 2025 रोजी जनगणना 2027 साठी 11,718.24 कोटी रुपये मंजूर केले. आकडा ऐकून डोळे पांढरे होतात. पण देशाची लोकसंख्या 145 कोटींच्या आसपास धरली, तर माणशी साधारण 80 रुपये पडतात. 2011 च्या जनगणनेला सुमारे 2,200 कोटी लागले होते, म्हणजे माणशी 18 रुपयांच्या जवळपास. महागाई वाढली हे खरंच, तरी खर्च पाचपटीहून जास्त झालाय.

जनगणना हा केंद्राचा विषय असून ती 1948 च्या जनगणना कायद्यानुसार होते. त्यामुळे खर्चाचा भार केंद्राकडे असतो. माणसं मात्र गावातलीच. जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, मॅडम आणि इतर सरकारी कर्मचारी प्रगणक म्हणून दारोदार फिरतात. देशभरात असे सुमारे 30 लाख कर्मचारी लागणार आहेत. त्यांचा पगार मूळ खात्यातून चालू राहतो, जनगणनेतून वेगळं मानधन मिळतं. एवढी माणसं नव्याने भरती करायची म्हटली असती, तर खर्च कुठच्या कुठे गेला असता. इथे बचत होते, पण तिची थोडी किंमत शाळेतली पोरं मोजतात, कारण गुरुजींना हे काम नेहमीची ड्युटी सांभाळून करायचं असतं.

दुसरी बचत कागदाची. 2011 ला सुमारे 34 कोटी फॉर्म छापले होते, त्याला जवळपास 8,000 टन कागद लागला. छपाई, ट्रकची वाहतूक, तहसीलमधले गठ्ठे, नंतर स्कॅनिंग, सगळ्याला पैसा लागला. निकालाचे सविस्तर तक्ते यायला तर काही वर्षं गेली. यंदा माहिती मोबाईल अॅपवर भरली जाईल. स्वगणनेचीही सोय आहे. कुटुंबाने आधीच पोर्टलवर माहिती भरली, तर मिळालेला क्रमांक प्रगणकाला दाखवायचा. त्याचा वेळ वाचतो. मात्र अॅप आणि सर्व्हर बनवणं, सांभाळणं, प्रशिक्षण देणं हा खर्च नव्याने आलाय. तालुक्याच्या टोकाच्या वाडीवर रेंज नसेल, तर प्रगणकाची दगदग वेगळीच.

सगळ्यात महाग पडतो तो उशीर. डिसेंबर 2019 मध्ये 2021 च्या जनगणनेसाठी 8,754.23 कोटी मंजूर झाले होते. कोरोना आला आणि मोजणी लांबली. त्याचं बिल सरकारी तिजोरीपुरतं राहिलं नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालचा राज्याचा रेशन लाभार्थ्यांचा कोटा 2011 च्या लोकसंख्येवर ठरलेला आहे. महाराष्ट्राचा तो कोटा सुमारे 7 कोटी लोकांचा. त्यानंतर घरात सुना आल्या, लेकरं जन्मली, पण कोटा तिथेच अडकला. नाव चढवायला गेलं की 'इष्टांक पूर्ण' हे उत्तर अनेकांनी ऐकलंय. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीसाठीही 2011 चीच लोकसंख्या धरली होती.

मोजणी दोन टप्प्यांत आहे. घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळातले 30 दिवस प्रत्येक राज्याने ठरवायचे, त्यात घर, पाणी, संडास, वाहन असे 33 प्रश्न आहेत. माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये, जातीच्या नोंदीसह. बर्फाळ भागात ती आधी होते. दोन्ही वेळा एक रुपयाही द्यायचा नाही. पुराव्याची कागदपत्रंही लागत नाहीत, तोंडी उत्तर पुरे. दिलेली माहिती कायद्याने गोपनीय असते, ती कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. दाराला कुलूप दिसलं की प्रगणकाला पुन्हा चकरा माराव्या लागतात.

मराठवाड्यातल्या गावांसाठी खरी अडचण फेब्रुवारीची आहे. तेव्हा ऊसतोड जोरात असते आणि बीडसारख्या जिल्ह्यातली कितीतरी घरं कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली असतात. आजवरच्या पद्धतीप्रमाणे, मोजणीचा पूर्ण काळ जो बाहेर असतो, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. म्हणजे फडावरच्या कोपीत. तिथेही प्रगणक पोचला नाही, तर ते कुटुंब कुठेच मोजलं जात नाही. म्हणून टोळी निघताना मुकादमाचा नंबर आणि कारखान्याचं नाव ग्रामपंचायतीत लिहून ठेवलेलं बरं. फडावर असाल तर तिथल्या प्रगणकाकडे नोंद झाली का, हे स्वतः विचारून घ्या.