एचपीव्ही लस आणि गरोदरपण : खबरदारी म्हणजे धोका नव्हे

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा क्रमांक लागतो. त्याला रोखणाऱ्या एचपीव्ही लसीबद्दल वस्तीत बोलताना आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. लस घेतली की पुढे मूल होत नाही का? आणि दिवस गेलेले असताना नकळत घेतली तर?

लसीत काय असते?
जिवंत विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचासारखे प्रथिनाचे कण असतात. त्यामुळे लसीतून आईला किंवा गर्भाला एचपीव्हीचा संसर्ग होऊ शकत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या, 2022 मध्ये परवानगी मिळालेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ लसीलाही हेच लागू आहे.

मग गरोदरपणात का देत नाहीत?
गरोदर स्त्रियांवर या लसीच्या पुरेशा चाचण्या झालेल्या नाहीत, म्हणून. अपाय आढळला म्हणून नव्हे. हा फरक नीट समजावून सांगायला हवा.

नकळत घेतली गेली तर?
घाबरू नये. केवळ या कारणासाठी गर्भपात करण्याची गरज नाही. डॉक्टरांना सांगावे, नेहमीच्या तपासण्या चालू ठेवाव्यात आणि उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्यावेत. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. डेन्मार्कमध्ये 2006 ते 2013 या काळातील गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्या स्त्रियांमध्ये गर्भपात, जन्मजात व्यंग किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचे प्रमाण लक्षणीय वाढलेले दिसले नाही.

अंगावर पाजणारी आई, लग्न ठरलेली मुलगी?
अंगावर पाजत असताना लस घेता येते. लसीने वंध्यत्व येते याला पुरावा नाही. उलट कॅन्सर उशिरा सापडला तर गर्भाशय काढण्याची वेळ येऊ शकते. लसीचा सर्वाधिक उपयोग 9 ते 14 या वयात होतो.

संमतीचा प्रश्न
लोकांची शंका निव्वळ अज्ञानातून येते असे आम्ही मानत नाही. 2009-10 मध्ये खम्मम (तेव्हाचा आंध्र प्रदेश) आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. त्या काळात झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण आश्रमशाळांतील आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या घेतल्याचे उघड झाले. 2013 मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले. लस सुरक्षित असली तरी न विचारता टोचणे अन्यायच.

म्हणून कार्यकर्त्यांनी शिबिर घेताना आईवडिलांना आणि मुलीलाही आधी समजेल अशा भाषेत माहिती द्यावी. विवाहित तरुणींना पाळी चुकली आहे का, हे चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन विचारावे. दिवस गेल्याची शंका असेल तर लस पुढे ढकलावी. आणि लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, हे प्रत्येक घरी सांगावे.