सतरा सप्टेंबरचे ‘आम्ही’

मराठीत ‘आम्ही’ म्हटले की समोरचा माणूस बाहेर राहतो. ‘आम्ही जेवलो’ म्हणजे तू त्या पंगतीत नव्हतास. त्याला आत घ्यायचे तर ‘आपण’ म्हणावे लागते. इंग्रजीत हा भेद नाही, हिंदीच्या ‘हम’लाही तो ठाऊक नाही. भारताच्या संविधानाची उद्देशिका मराठीत आणणाऱ्यांपुढे मात्र दोन शब्द होते आणि त्यांनी ‘आम्ही’ घेतला. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत परिपाठाला राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते आणि मग पोरे एका सुरात म्हणतात: ‘आम्ही, भारताचे लोक’. दर वेळी मी त्या पहिल्याच शब्दापाशी थांबतो. यात कोण कोण आहे, आणि बाहेर कोण उभे आहे?

‘लोक’ हा शब्दही तितकाच अवघड. आपल्या बोलण्यात लोक म्हणजे नेहमी दुसरेच कोणीतरी. लोक काय म्हणतील, लोकांचे काय जाते, लोकांच्या तोंडाला कोण लागणार. उद्देशिकेने हे परके ‘लोक’ आणि आपले ‘आम्ही’ एका स्वल्पविरामाने शेजारी आणून बसवले. ही जोडी बीडपर्यंत कशी आली, त्याचा हा मागोवा.

तिचा उगम फिलाडेल्फियात आहे. १७८७ च्या उन्हाळ्यात तिथे अमेरिकेच्या राज्यांचे प्रतिनिधी दारे-खिडक्या लावून बसले होते. राज्ये १३ होती, प्रतिनिधी मात्र १२ राज्यांचेच आले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. संविधानाच्या मसुद्याची सुरुवात आधी अशी होती की आम्ही अमुक राज्याचे, तमुक राज्याचे लोक, म्हणून एकेका राज्याचे नाव घेत यादी पुढे जाई. भाषा नीटनेटकी करण्याचे काम ज्या छोट्या समितीकडे गेले, तिच्यातल्या गव्हर्नर मॉरिसने ती यादीच काढून टाकली आणि ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक’ असे लिहिले. (गव्हर्नर हे त्याचे नावच, हुद्दा नव्हे.) त्यामागे तत्त्व होते तशी अडचणही होती. नऊ राज्यांनी मान्यता दिली की संविधान त्या नऊंपुरते लागू व्हायचे होते. कोणती नऊ, हे कोणालाच सांगता येत नव्हते. यादी छापली असती आणि त्यातले एखादे राज्य आले नसते तर पहिलीच ओळ खोटी पडली असती. जगभर पुढे गाजलेला तो ‘आम्ही’ निम्मा या पेचातून जन्मला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. गैरहजर असणाऱ्याचे नाव न घेता त्याच्यासाठी जागा ठेवायची, ही युक्ती त्यात पहिल्या दिवसापासून आहे.

१७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ जणांनी सह्या केल्या. पुढच्या वर्षी, मान्यता द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या सभेत पॅट्रिक हेन्रीने गर्जून विचारले, ‘आम्ही, लोक’ म्हणण्याचा अधिकार यांना दिला कोणी? ‘आम्ही, राज्ये’ का नाही? त्याचा रोख राज्यांच्या हक्कांवर होता. खरा प्रश्न त्याने विचारलाच नाही, कारण त्याच्याही घरी गुलाम होते. गुलामांची शिरगणती पाचास तीन या हिशेबाने करण्याचे कलम त्याच दस्तऐवजात होते. अधिवेशनात गुलामगिरीवर कडाडून टीका करणाऱ्यांत खुद्द मॉरिस होता, तरी ते कलम राहिले. बायका बाहेर, मूळचे रहिवासी बाहेर. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय या ‘लोकां’त येत नाहीत असे लिहूनच दिले. फ्रेडरिक डग्लस या पूर्वीच्या गुलामाने त्यावर उलट मांडणी केली: दस्तऐवजात ‘आम्ही लोक’ आहे, ‘आम्ही गोरे लोक’ नाही, तेव्हा आम्हीही त्यात आहोतच. ज्याला बाहेर ठेवले त्यानेच शब्द उचलला.

ही गोष्ट मराठीत फार लवकर पोचली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लेखणी चालवलेल्या टॉमस पेनचे माणसाच्या हक्कांवरचे पुस्तक जोतीराव फुले यांनी तरुणपणी वाचले होते. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ निघाले तेव्हा ते त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केले होते. अर्पण राष्ट्राध्यक्षाला नाही, सरकारला नाही, लोकांना. अमेरिकेची स्थापना मराठी माणसाने शिकायची तर ती या अर्पणपत्रिकेपासून शिकावी असे मला वाटते, कारण फुल्यांनी त्या देशाकडे सहीच्या बाजूने न पाहता बेडीच्या बाजूने पाहिले.

१९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तीन वर्षे राहिले. तिथे काय शिकले याची यादी मोठी आहे. इथे एकच प्रसंग घेतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी जेम्स ब्राइसच्या ग्रंथातला एक किस्सा सांगितला. अमेरिकेतल्या एका चर्चच्या परिषदेत, देवा आमच्या राष्ट्राचे भले कर, अशी प्रार्थना सुचवली गेली. दुसऱ्याच दिवशी ‘राष्ट्र’ शब्दाला इतके आक्षेप आले की तो काढून ‘या संयुक्त संस्थानांचे’ असे करावे लागले. एवढी वर्षे एकत्र राहूनही अमेरिकनांना आपण एक राष्ट्र आहोत असे म्हणवत नव्हते. मग हजारो जातींत विभागलेले आपण राष्ट्र कसे, असा त्यांचा सवाल होता. आपल्याकडच्या पुढाऱ्यांना ‘भारताचे लोक’ हे शब्द कमीपणाचे वाटत, ‘भारतीय राष्ट्र’ हवे असे. याची आठवणही त्यांनी त्याच भाषणात दिली. म्हणजे ‘लोक’ हा शब्द त्यांना प्रामाणिक वाटत होता. राष्ट्र व्हायचे बाकी आहे, हे तो लपवत नाही.

वाक्याचे बाकीचे अवयव ठिकठिकाणचे. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांच्या आरंभीच्या मसुद्यात भारताचे लोक ‘आमच्या निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत’ हे संविधान करतात असे होते. शेवटचा ‘स्वतःप्रत अर्पण’ हा भाग आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानाच्या वळणाचा. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे त्रिकूट फ्रेंच क्रांतीचे मानले जाते. आंबेडकरांनी मात्र १९५४ मध्ये आकाशवाणीवर सांगितले की ते आपण बुद्धाकडून घेतले. बंधुता उद्देशिकेत आली ती मसुदा समितीत. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा झाली. ह. वि. कामत यांनी सुरुवातीला ईश्वराचे नाव घालण्याची दुरुस्ती मांडली, ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. पहिले पाऊल माणसांचेच राहिले.

आता त्या सभागृहात बीडचे कोण होते ते पाहू.

कोणी नव्हते. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संविधान सभेत संस्थानाच्या वाट्याला १६ जागा होत्या, त्या अखेरपर्यंत रिकाम्याच राहिल्या. रावांच्या मसुद्यातले ‘निवडलेले प्रतिनिधी’ आम्ही कधी निवडलेच नाहीत. फिलाडेल्फियात ऱ्होड आयलंड, तसे दिल्लीत हैदराबाद. फरक इतका की ऱ्होड आयलंड स्वतःहून आले नाही. आमच्या लोकांना येता आले नाही. अंबाजोगाई तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद होती. तिथल्या योगेश्वरी शाळेतून स्वामी रामानंद तीर्थांनी शिक्षणाआडून राजकारणाची मशागत केली, पण सभा भरवायची तर गश्ती निशाण ५३ आडवे येई. परवानगीशिवाय चार माणसांपुढे बोलणे हाच गुन्हा. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली आणि निघतानाच तिच्यावर बंदी आली. १५ ऑगस्ट १९४७ चा दिवस स्वामीजींना अटकेत काढावा लागला. इथली माणसे तेव्हा रयत होती. रयतेला अर्ज करता येतो, ‘आम्ही’ म्हणता येत नाही.

मग १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा आल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांच्या काळात गावेच्या गावे होरपळली होती. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या निरपराध मुसलमानांवरही सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची पाहणी केली आणि शेजारचा उस्मानाबाद सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत मोजला. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे सहसा येत नाही. ते यायला हवे, कारण ‘आम्ही’ कोण हा प्रश्न त्या आठवड्यांत आमच्याच गल्ल्यांतून विचारला गेला होता.

पुढचा टप्पा विलक्षण आहे. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने फर्मान काढले की भारताचे संविधान हेच हैदराबादचे संविधान राहील. तीन दिवसांनी दिल्लीत ते स्वीकारले गेले. लोकांनी स्वतःला अर्पण केलेला दस्तऐवज बीडमध्ये दाखल झाला तो राजाच्या फर्मानाने! २६ जानेवारी १९५० ला तोच निजाम राजप्रमुख झाला, आणि मुख्यमंत्रिपदावर वेल्लोदी हे नेमलेले सनदी अधिकारी होते. पहिली दोन वर्षे इथले प्रजासत्ताक असे चालले. आमची सही खरे तर १९५१-५२ च्या निवडणुकीत झाली. बीडमधून पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे लोकसभेत गेले, सत्तेतल्या काँग्रेसला हरवून. संस्थानात ज्यांना कधी कोणी मत विचारले नव्हते त्या बाया-माणसांनी पहिल्याच खेपेला नाही म्हणून दाखवले. १९६७ मध्ये याच जिल्ह्याने सातारच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना कम्युनिस्ट पक्षाकडून निवडून दिले. तो माणूस ना इथला, ना इथल्या कुठल्या घराण्याचा. आज जिल्ह्यात जातीजातींमध्ये जी दरी दिसते ती पाहताना मला तो निकाल वारंवार आठवतो.

उद्देशिका शाळेच्या अंगणात यायला अजून बराच काळ गेला. नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी २००५ मध्ये तिथल्या शाळांत ती वाचायला लावली. २००८ मध्ये राज्य सरकारने २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून पाळायचे ठरवले. देशाने ते २०१५ मध्ये केले. शाळांत वाचन घेण्याचा शासन निर्णय २०१३ चा, पण तो बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. २६ जानेवारी २०२० पासून पुन्हा नव्याने सुरुवात झाली.

आणि इथे बीडची अडचण येते. २६ नोव्हेंबर आणि २६ जानेवारी हे दोन्ही दिवस गळीत हंगामात पडतात. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणीच्या गावांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याच्या कोपीवर. बरोबर धाकटी पोरे, आणि धाकट्यांना सांभाळायला म्हणून एखादी सातवी-आठवीतली मुलगी. काही मुले हंगामी वसतिगृहात मागे राहतात, अलीकडे संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहेही निघाली आहेत, तरी हजेरीपटावरच्या बऱ्याच नावांपुढे त्या महिन्यांत रेघच असते. संविधान दिनाला शाळेत फलक लागतो, ‘आम्ही, भारताचे लोक’ म्हटले जाते, आणि त्या वेळी वर्गातली मुलगी दोनशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असते. परत येते ती पाडव्याच्या आगेमागे.

तिच्या वाट्याला येणारा दिवस सतरा सप्टेंबर. तेव्हा गाव भरलेले असते. पावसाळा सरत आलेला, सोयाबीन-कापूस रानात, टोळ्यांची बोलणी चालू पण गाड्या अजून लागलेल्या नाहीत. आमच्याकडे त्या सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन असते, महाराष्ट्राच्या इतर भागांत नसलेले. अमेरिकेतही हाच संविधानाचा आणि नागरिकत्वाचा दिवस आहे. २००४ च्या कायद्याने, ज्या शाळांना संघीय सरकारचा पैसा मिळतो त्यांनी त्या दिवशी मुलांना संविधान शिकवलेच पाहिजे. दोन तारखा जुळल्या तो योगायोग, पण तो आमच्या कामाचा आहे. माझे शिक्षक मित्रांशी एवढेच मागणे आहे की मोठे वाचन, मुलांची भाषणे, आई-बापांना बोलावणे, सगळे सतराला करा. नोव्हेंबरात पुन्हा करा, पण सतराला आधी.

त्या सकाळी झेंड्याखाली नीट पाहिले तर मागच्या ओळीत दप्तर नसलेली, धाकट्याला कडेवर घेतलेली एखादी मुलगी उभी दिसते. वाचन तिला द्यावे. पहिला शब्द तिने म्हणावा, बाकीच्यांनी तिच्यामागून.