सुटायचं कधी?

परभणीहून हिंगोलीमार्गे विदर्भात शिरलं की शंकरपटाचा मुलूख लागतो. सरळ धाव, हलका छकडा, त्यावर धुरकरी आणि पुढे बैलजोडी. मोटारींची ड्रॅग रेस म्हणजे बैलांच्या जागी इंजिन आलेला हाच खेळ. पटात पळवण्यापेक्षा अवघड काम उभं करण्याचं. सरावलेला बैल रेघेशी आला की खुरानं माती उकरतो, मान झटकतो. वेसण धरणाऱ्याचा कस तिथेच लागतो.

अमेरिकेत १९५१ साली ड्रॅग रेस भरवणारी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन निघाली, तेव्हा तिकडे सगळं निशाणावरच चाले. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर धाव, दोन गाड्या आणि समोर झेंडेवाला. पण मुरलेले चालक झेंड्याकडे बघतच नसत. त्यांची नजर झेंडेवाल्याच्या खांद्यावर, मनगटावर. तो हलला की हे सुटले! शिवाय कमी ताकदीच्या गाडीला आधी सोडायचं, तर किती आधी, हे हाताच्या अंदाजानं कसं ठरणार? शेवटी १९६३ साली इंडियानापोलिसच्या यूएस नॅशनल्समध्ये झेंड्याच्या जागी दिव्यांचा खांब आला. रंगीबेरंगी दिव्यांमुळे त्याला नाव पडलं ख्रिसमस ट्री.

खरी गंमत खांबापेक्षा जमिनीलगत आहे. रेघेपाशी प्रकाशाचे दोन अदृश्य झोत आडवे जातात, एकमेकांपासून ७ इंचांवर. पुढचं चाक पहिल्या झोतात आलं की वरचा दिवा लागतो. दुसऱ्यात आलं की गाडी ‘स्टेज’ झाली. मग पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं खाली उतरतात. हिरवा दिसल्यावर निघाला तो उशिराच निघाला. जाणता चालक शेवटच्या पिवळ्यालाच क्लच सोडतो. चाक दुसऱ्या झोतातून बाहेर पडेपर्यंत धावेचं घड्याळ सुरू होत नाही. म्हणून काही जण दिवा जेमतेम लागेल इतपतच पुढे सरकतात: चाकाला थोडा फुकटचा वेग मिळतो आणि नोंदलेली वेळ कमी येते. कोणी मुद्दाम आत घुसतात: झोत लवकर सुटतो, पण हिरव्याआधीच सुटला तर लाल दिव्याची, म्हणजे बाद होण्याची टांगती तलवार. आणि सुटायला लागलेला वेळ धावेच्या वेळेत धरतच नाहीत, त्यामुळे घड्याळात हळू दिसलेली गाडीही शर्यत मारून जाते. प्रेक्षकांत बसलेल्याला हे पहिल्यांदा पटत नाही.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. पटाची वाट मात्र कोर्टातून गेली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी. २०१७ साली राज्यानं केलेल्या कायद्यात शंकरपट नावानिशी आला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. नियमांनी काठी, चाबूक, विजेचा धक्का सगळं काढून घेतलं आहे. आता रेघेवरून जोडी सुटायची ती धुरकऱ्याच्या आरोळीवर आणि बैलाच्या स्वतःच्या ओढीवर.