नायट्रेट प्रदूषण, भूजलातील (म्हैसूर व दख्खन)

विहिरी व बोअरवेलच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक होणे. भारतीय मानकात (आयएस १०५००) ही मर्यादा शिथिल करण्याची सोय नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात कर्नाटकातील ४८ टक्के नमुने मर्यादेबाहेर होते. पुढे फक्त राजस्थान.

म्हैसूर जिल्ह्यात कावेरी-कबिनीच्या कालव्यांखाली भात-ऊस, तर हुणसूर-पिरियापट्टण भागात तंबाखू होतो. पिकाने न उचललेल्या युरियातील नायट्रोजनाचे मातीतले जिवाणू नायट्रेट करतात. मातीचे कण ते धरून ठेवत नाहीत. पावसासोबत ते खाली झिरपते आणि कठीण खडकाच्या भेगांतून विहिरीत पोचते. विहिरीलगतचे उकिरडे, गोठे आणि शौचालयांचे शोषखड्डेही कारणीभूत असतात, पण दोष एकट्या खताला दिला जातो.

सर्वाधिक धोका सहा महिन्यांखालील, वरच्या दुधावरच्या बाळांना : रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून अंग निळे पडते. हा विकार अमेरिकेत १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी जोडला गेला. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट दाट होते; हे प्रत्येक अंगणवाडीत सांगितले गेले पाहिजे. आरओ किंवा आयन-विनिमय यंत्रणेने ते कमी होते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या त्याच अहवालात महाराष्ट्रातील वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव व यवतमाळ हे जिल्हे देशातील सर्वाधिक बाधित पंधरांत होते.