परवान्याला परवाना

१९ फेब्रुवारी १९२५

जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत या दिवशी आंतरराष्ट्रीय अफू करारावर सह्या झाल्या. अमेरिका आणि चीनचे प्रतिनिधी त्याआधीच परिषद सोडून गेले होते. करार २५ सप्टेंबर १९२८ रोजी अमलात आला.

त्यातली खरी करामत कागदाची. माल मागवणाऱ्या देशाच्या सरकारने आयात प्रमाणपत्र द्यायचे. ते पाहिल्यावरच पाठवणाऱ्या सरकारने निर्यात परवाना काढायचा, तोही प्रत्येक खेपेला वेगळा. परवान्याची एक प्रत मालासोबत जाई, दुसरी थेट समोरच्या सरकारकडे. माल उतरल्यावर प्रत्यक्षात किती आला, हे परवान्यावर नोंदवून तो परत धाडायचा. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत की गळती कुठे झाली, ते उघड!

चोरट्या व्यापाराला अर्थातच परवाना लागत नाही. पण औषध कारखान्यांतला वैध माल तिकडे वळू नये, यासाठी हीच जोडपद्धत अमली पदार्थांवरच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारातही कायम राहिली. कर्करोगाच्या रुग्णासाठी सीमा ओलांडणाऱ्या मॉर्फिनला आजही हे दोन कागद लागतात. भारतात ते ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोकडून मिळतात. त्यातल्या एकाला उशीर झाला, तर औषध गोदामातच अडकते.