वस्तुसंग्रहालयविद्येचे पदव्युत्तर शिक्षण : नांदेड–लातूर परिसर

वस्तूंचा संग्रह, नोंदणी, परिरक्षण व मांडणी, तसेच त्यांच्याद्वारे होणारे लोकशिक्षण यांचा पद्धतशीर अभ्यास करणारी ज्ञानशाखा म्हणजे वस्तुसंग्रहालयविद्या होय. प्राचीन वस्तूंचा अभ्यास पुरातत्त्वविद्या, कलेतिहास, नाणकशास्त्र इ. शाखाही करतात, तथापि वस्तू संग्रहात आल्यानंतर तिची ओळख व अवस्था पुढील पिढ्यांसाठी टिकविण्याचे काम या विद्येचे आहे. त्यासाठी एखाद्या मूळ विषयाचे ज्ञान आधी असावे लागते. म्हणून हे शिक्षण बहुधा पदवीनंतर दिले जाते. ते का आवश्यक आहे, हे मराठवाड्याच्या, विशेषतः नांदेड–लातूर परिसराच्या, इतिहासातून चांगले समजते.

भारतात संग्रहालये आधी आली आणि त्यांचे शिक्षण पुष्कळ नंतर आले. कलकत्त्याचे संग्रहालय १८१४ मध्ये स्थापन झाले. मुंबईत भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्यूझियम (आताचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) १८७२ मध्ये, तर प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) १९२२ मध्ये लोकांस खुले झाले. मार्कम व हारग्रीव्ह्‌ज यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातील १०५ संग्रहालयांची नोंद असून प्रशिक्षित अभिरक्षकांची उणीव हा तिच्यातील टीकेचा एक प्रमुख मुद्दा होता. १९४४ मध्ये भारतीय वस्तुसंग्रहालय संघ स्थापन झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ मध्ये या विषयाचा देशातील पहिला विभाग निघाला. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी उभारलेले बडोद्याचे संग्रहालय तेथील विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष कामासाठी जवळच उपलब्ध होते. कलकत्ता विद्यापीठाने १९५९ मध्ये असा विभाग काढला. दिल्लीतील राष्ट्रीय संग्रहालयाशी निगडित संस्थेस १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या अभ्यासक्रमांचे स्वरूप सर्वसाधारणपणे सारखेच असते. त्यांत संग्रहालयांचा इतिहास, वस्तूंची प्राप्ती व नोंदणी, परिरक्षण, मांडणी, प्रकाशयोजना, सुरक्षा, प्रशासन आणि संबंधित कायदे हे विषय येतात. त्यांना संग्रहालयातील प्रत्यक्ष उमेदवारी व प्रबंधिका यांची जोड असते. यांपैकी दिसावयास अगदी साधे, परंतु पायाभूत काम नोंदवहीचे होय. प्रत्येक वस्तूस स्वतंत्र क्रमांक देऊन तिचे द्रव्य, मोजमाप, अवस्था, सापडण्याचे ठिकाण व मिळण्याची रीत यांची नोंद केली जाते. वस्तू तुटली तर सांधता येते. पण तिच्या मूळ ठिकाणाची माहिती एकदा हरवली, की बहुधा पुन्हा मिळत नाही.

नांदेड व लातूर हे जिल्हे अशा वस्तूंनी समृद्ध आहेत. दुसऱ्या विंध्यशक्ती या वाकाटक राजाच्या वाशीम ताम्रपटात आलेले नंदिकट म्हणजे नांदेड, असे विद्वान मानतात. राष्ट्रकूट राजे व त्यांचे वंशज म्हणविणारी घराणी ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद लावीत. त्यातील लट्टलूर म्हणजे लातूर. कंधार येथे तिसरा कृष्ण या राष्ट्रकूट राजाच्या काळाचा शिलालेख आणि एका अवाढव्य क्षेत्रपालमूर्तीचे अवशेष मिळाले आहेत. होट्टल व निलंगा येथील मंदिरे, खरोसा येथील लेणी, तसेच औसा, उदगीर, कंधार व माहूर येथील किल्ले प्रसिद्ध आहेत. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंग यांची शस्त्रे जतन केलेली असून ती भाविकांस दर्शनार्थ दाखविली जातात. श्रद्धेचा विषय असलेल्या वस्तूंचे जतन संग्रहालयाच्या चौकटीबाहेरही होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तथापि १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये स्थापन झाले. गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली या खात्याने मोलाचे कार्य केले. परंतु त्याचे केंद्र व संग्रहालय हैदराबाद येथे होते. मराठवाड्यातील स्थळांचा अभ्यास झाला, तरी त्यांच्या वस्तू अभ्यासणारी संस्था मराठवाड्यात वाढली नाही. औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ मध्ये, आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी.

मधल्या काळातील उणीव काही हौशी संग्राहकांनी भरून काढली. त्यांत लातूरलगतच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. तेर म्हणजे पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात आणि टॉलेमीच्या भूगोलात उल्लेखिलेले तगर. येथील पांढरीच्या टेकाडांवर मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या व हस्तिदंती वस्तू सापडत. लामतुरे यांनी त्या चिकाटीने जमविल्या. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पैठण येथे बाळासाहेब पाटील यांच्या नावाचे असेच शासकीय संग्रहालय आहे.

हौशी संग्रहाचे मोल आणि त्याची मर्यादा ही दोन्ही तेरच्या प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीवरून कळतात. तिच्याशी साम्य असलेली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली. पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकात गाडले गेल्यामुळे ती मूर्ती त्यापूर्वीची आहे, हे निश्चित ठरते. तेरच्या मूर्तीस असा स्तराचा आधार नाही. तिचा काळ प्रामुख्याने शैली व तुलना यांवरून ठरवावा लागतो. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी १९७३ मध्ये केलेल्या उत्खननात मात्र याच परंपरेतील हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला. शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी लगेच पुढील वर्षी उत्खननाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लामतुरे नसते, तर तेरची मूर्ती कदाचित नष्टच झाली असती; परंतु ती नेमकी कोठे, किती खोलीवर व कशासोबत होती, याची नोंद असती, तर तगरच्या व्यापाराविषयी तिने पुष्कळ अधिक सांगितले असते. आस्थेने वस्तू वाचते. तिचा पुरावा वाचण्यासाठी नोंदीची शिस्त लागते. ही शिस्त देणे हे पदव्युत्तर शिक्षणाचे मुख्य प्रयोजन होय.

या परिसरातील अभ्यासकास स्थानिक परिस्थितीचीही जाण असावी लागते. उन्हाळ्यातील कोरडी उष्णता व पावसाळ्यातील दमट हवा यांच्या आलटून पालटून होणाऱ्या परिणामामुळे हस्तिदंत व लाकूड यांना चिरा पडतात. मातीच्या वस्तूंतील क्षार पृष्ठभागावर येऊन त्यांचे पापुद्रे सुटतात. क्लोराइडयुक्त काशास हिरवी कीड लागते. हवेतील आर्द्रता स्थिर राखणे, हा अनेकदा कोणत्याही रासायनिक लेपापेक्षा श्रेयस्कर उपाय ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने आणखी एक धडा दिला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अनेक गावे नव्या जागी वसवावी लागली. दगड-मातीच्या जुन्या घरांबरोबर त्यांतील लाकडी काम, भांडी, शेतीची अवजारे व कागदपत्रे यांचीही हानी झाली. पुनर्वसनात माणसांचे प्राण व निवारा यांना अग्रक्रम मिळणे योग्यच होते. परंतु ज्या गावाच्या वस्तूंची यादी आधी झालेली नसते, त्या गावाचे काय गेले हेही नंतर सांगता येत नाही.

कायद्यानेही अशा नोंदीस महत्त्व दिले आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक ठरले. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये ठरावीक पुरावशेषांची नोंदणी आवश्यक झाली व त्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आले. मात्र देवळाच्या आवारात उघड्यावर पडलेली वीरगळ वा भग्न मूर्ती कोणती, कोठली व किती जुनी, हे कायदा स्वतः सांगू शकत नाही. त्यासाठी गावोगाव जाऊन पाहणारा, मोजणारा व लिहून ठेवणारा शिक्षित माणूस लागतो. कंधार, होट्टल, औसा वा निलंगा यांपैकी एकेका गावाची वस्तुसूची हा पदव्युत्तर प्रबंधिकेचा अत्यंत उपयुक्त विषय ठरू शकतो. मोठ्या शहरातील संग्रहालयात विद्यार्थी तंत्र शिकतो. वस्तू जेथे सापडते त्या गावी त्याच्या विद्येचा खरा कस लागतो.