गोलपिठा आधी, जाहीरनामा नंतर

दलित साहित्यावर सिनॉप्सिस लिहायला घेतलं की दुसऱ्या प्रकरणात एक विधान हमखास येतं: दलित पँथरच्या विचारातून नामदेव ढसाळांची कविता जन्मली. वाचायला बरं वाटतं, गाइडही सहसा अडवत नाहीत. पण तारखा मांडून बघा.

पँथरची स्थापना मुंबईत २९ मे १९७२ रोजी झाली. 'गोलपिठा' त्याच वर्षी पुस्तक म्हणून आलं, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे त्यातल्या बऱ्याच कविता संघटनेच्या आधीच लिहून झाल्या असणार. आणि जाहीरनामा आला १९७३ मध्ये. थोडक्यात, कविता जाहीरनाम्याचं उदाहरण नाही. झालंच तर उलट आहे: कवितेत जी माणसं आधीच येऊन बसली होती, त्यांना राजकीय नाव द्यायचा प्रयत्न जाहीरनाम्याने केला.

मग कवितेच्या मागे काय होतं? एक तर खुद्द गोलपिठा. ढसाळांचा जन्म पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातला, १९४९ चा. पण ते वाढले मुंबईत, कामाठीपुऱ्याच्या आसपास, आणि काही काळ टॅक्सीही चालवली. दुसरं म्हणजे अनियतकालिकांची चळवळ. साठच्या दशकात अशोक शहाणे, राजा ढाले वगैरे मंडळी 'सत्यकथा'छाप अभिरुचीवर तुटून पडली होती. प्रमाण मराठीला न जुमानणं आणि 'हे कवितेत येत नाही' असं ज्याबद्दल म्हटलं जायचं तेच मुद्दाम आणणं, ही हत्यारं ढसाळांच्या हाती तिथूनही आली. दलित साहित्याच्या प्रकरणात अनियतकालिकं गाळणं आणि अनियतकालिकांच्या प्रकरणात ढसाळांना तळटीप करणं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे सर्रास चालतात.

पुण्याचाही या कथेत वाटा आहे. कसब्यातून शनिवारवाडा ओलांडून चालत गेलं की शनिवार पेठेत 'साधना'चं कार्यालय लागतं. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि पँथरचं नाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं. तो विशेषांक अनिल अवचटांनी काढला होता. समाजवादी साप्ताहिकाने पँथरच्या रागाला जागा दिली, वाद अंगावर घेतला. ते जुने अंक काढून, शक्य झालं तर पुढच्या अंकांतल्या प्रतिक्रियांसकट वाचा. निव्वळ लेखापेक्षा त्याच्याभोवतीचा गदारोळ जास्त शिकवतो.

आता जाहीरनामा. त्यातली कळीची जागा म्हणजे 'दलित' शब्दाची व्याख्या. अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्ध तर त्यात आहेतच. शिवाय कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक किंवा धर्माच्या नावाखाली शोषण होणारे सगळेच त्यात येतात. आज ही व्याख्या आपण सहज उद्धृत करतो. तेव्हा ती भांडणाची गोष्ट होती. ढाले यांना यात मार्क्सवाद दिसला, बुद्ध-आंबेडकरांची वाट सुटल्यासारखी वाटली. १९७४ मध्ये संघटना फुटली. तेव्हा 'पँथरची भूमिका' असं एकवचनात लिहिताना जरा थांबा. कुणाची, कुठल्या साली, हे आधी विचारा.

पुढच्या दोन पुस्तकांवर तर एक स्वतंत्र पेपर होईल. १९७५ चा संग्रह 'मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलविले'. हे शीर्षक माओच्या १९४५ च्या भाषणात आलेल्या जुन्या चिनी गोष्टीवरून घेतलेलं. आणि १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, इंदिरा गांधींवरची 'प्रियदर्शिनी'. मध्ये जेमतेम एक वर्ष. मग १९८१ मध्ये 'आंबेडकरी चळवळ आणि सोशालिस्ट, कम्युनिस्ट' हे गद्य पुस्तक, म्हणजे १९७३ पासून अंगावर असलेल्या आरोपाशी सविस्तर हुज्जत. त्याच वर्षी 'तुही यत्ता कंची' हा संग्रह. पुढे 'सामना'तला स्तंभ, १९९९ ची पद्मश्री वगैरे सगळ्यांना माहीत असतं.

या सगळ्याला 'संधिसाधूपणा' हा एक शब्द लावून मोकळं होता येतं. काही बाबतीत तो लागूही पडेल, मी त्यांची वकिली करत नाहीये. पण संशोधक म्हणून तो शब्द फार लवकर वापरला की वाचन तिथेच थांबतं. 'विद्रोही'चंही तेच. माझ्या मते जास्त कामाचा फरक सर्वनामांचा आहे. जाहीरनाम्यातला 'आम्ही' संघटनेचा आहे; तो ठराव करतो, शत्रू-मित्र ठरवतो. कवितेतला 'मी' त्या ठरावाला बांधील राहत नाही. तो शिव्या देतो, हळवा होतो, स्वतःलाही सोडत नाही. ढसाळांचं राजकारण वेड्यावाकड्या वळणांनी गेलं, पण वेश्यावस्तीतल्या, फुटपाथवरच्या माणसांशी या 'मी'चं नातं सुटलेलं दिसत नाही. 'प्रियदर्शिनी'त मात्र हा 'मी' सत्तेसमोर उभा आहे आणि तिथे त्याचं काय होतं, हा प्रश्न मला अजून पुरता सुटलेला नाही. प्रकरण लिहायच्या आधी १९७५ आणि १९७६ ची ही दोन पुस्तकं शेजारी ठेवा आणि प्रस्तावना न वाचता थेट कवितांपासून सुरुवात करा.